हरकत असेल तर आत्ता सांगा

मंडळी, मागे उभे आहात ते पुढे या. पुढच्या दोन रांगा रिकाम्या आहेत. शोकसभेत पुढे बसायला कोणाला नको वाटतं, मला कळतं. पण रावकाका असते तर सगळ्यांना पुढे बसवल्याशिवाय त्यांनी सुरुवातच केली नसती. या, बसून घ्या. मी थांबतो.

आवडीहून, टी. नगरहून काकांचे नातेवाईक एवढ्या उन्हात आलेत. आपल्या बिल्डिंगमधले जवळजवळ सगळे आहेत. अध्यक्ष आहेत, कमिटी आहे. काकांच्या पत्नी, आपल्या मामी, समोर बसल्यात. मामी, तुमच्याकडे बघून मला बोलता यायचं नाही, म्हणून मी तुमच्याकडे बघणार नाही. राग मानू नका.

मी निखिल. दुसऱ्या मजल्यावर भाड्याने राहतो. मूळचा साताऱ्याचा, इथे चेन्नईत गाड्यांच्या कारखान्यात नोकरीला आहे. मामी म्हणाल्या, तू आपल्या भाषेत बोल, त्यांना बरं वाटेल. म्हणून मराठीत बोलतोय. ज्यांना समजत नाही त्यांना शेजारचे सांगतील. अध्यक्ष साहेबांना कोणी सांगायची गरज नाही. त्यांची निम्मी नोकरी पुण्यात झाली, त्यांचं मराठी माझ्याइतकंच चांगलं आहे. तेव्हा साहेब, मला कळलं नाही, असं आज नको.

माझ्या आधी चार जण बोलले. म्हणाले, काका शांत स्वभावाचे होते. शिस्तीचे होते. असोसिएशनचा आधारस्तंभ होते. आधारस्तंभ! मी मागे बसून ऐकत होतो आणि माझ्या हाताच्या मुठी वळत होत्या. पण खरं सांगू? मला दुःखापेक्षा राग जास्त आलाय. शोकसभेत रागावू नये, हे मला घरच्यांनी शिकवलंय. तरी मी रागावणार आहे. कारण गेल्या वर्षी याच तोंडांनी याच माणसाबद्दल काय म्हटलं होतं? 'म्हातारा विसरायला लागलाय.' लिफ्टमध्ये म्हटलं होतं, गेटवर म्हटलं होतं, व्हॉट्सअॅप ग्रुपवर हसणारे चेहरे टाकून म्हटलं होतं. आज तोच म्हातारा आधारस्तंभ झाला?

जे बाहेरून आलेत त्यांना सगळं नीट सांगतो.

रावकाका तंजावरकडच्या मराठी घराण्यातले. इथल्याच आवडी भागातल्या सरकारी कारखान्याच्या ऑफिसात नोकरी केली, निवृत्त झाले आणि इथे अण्णा नगरात तळमजल्यावर राहायला आले. बरीच वर्षं ते आपल्या असोसिएशनचे सेक्रेटरी होते. मीटिंगचे मिनिट्स तेच लिहायचे. आणि कसे लिहायचे! कोण काय बोललं, सगळं. एकदा पार्किंगवरून दोघं अंगावर धावून गेले, तर काकांनी लिहिलं, 'दोन्ही सभासदांनी आपले मत उभे राहून मांडले.' आपण सगळे हसलो होतो. ज्यांनी मत मांडलं होतं तेसुद्धा हसले होते. ते आज इथे आहेत, आणि ते आता मान खाली घालून हसतायत, मला दिसतंय.

दर मीटिंगला काका आधी मागच्या मीटिंगचे मिनिट्स मोठ्याने वाचायचे. तमिळमध्ये आणि इंग्रजीत. आमची दोन-तीन मराठी घरं होती म्हणून शेवटी चार वाक्यं मराठीतही. वाचून झालं की पेनाला टोपण लावायचे, पेन टेबलावर ठेवायचे आणि विचारायचे, 'कोणाची हरकत?' आणि मग गप्प बसायचे. किती वेळ गप्प बसायचे! पंखा फिरतोय, लोक चुळबुळ करतायत, कोणीतरी म्हणतंय, सार, पुढे चला, उशीर होतोय. काका हलायचे नाहीत. एकेकाच्या तोंडाकडे बघायचे. मी एकदा विचारलं, काका, एवढं कशाला थांबता? मला ते तमिळमधलं तंबी म्हणायचे, म्हणजे धाकटा भाऊ. म्हणाले, "तंबी, हरकत घ्यायला माणसाला धीर गोळा करावा लागतो. त्याला वेळ नको का द्यायला?" मग कोणी बोललं नाही, की टोपण काढायचे आणि लिहायचे, मंजूर. त्यानंतर जिन्यात कोणी कुरकुर केली, तर काका त्याला हात जोडायचे. म्हणायचे, तुला वेळ दिला होता ना?

आता त्या मीटिंगबद्दल बोलतो. आपल्याला सगळ्यांना माहीत आहे कुठल्या.

तिसऱ्या मजल्यावरच्या जानकी पाट्टी, आपल्या सगळ्यांच्या आजी, गेल्या तेव्हाची गोष्ट. मुलं परदेशात. ती येईपर्यंत पाट्टींना फ्रीझर बॉक्समध्ये ठेवायचं होतं. हॉल रिकामा होता, हाच हॉल. पण किल्ली ज्यांच्याकडे होती ते लग्नाला कांचीपुरमला गेलेले. फोन लागेना. अर्धा दिवस त्या बाईला आपण खाली पार्किंगमध्ये, स्कूटरींच्या मध्ये ठेवलं. ज्या बाईने आपल्यातल्या निम्म्या घरांतल्या बाळांना पहिलं न्हाऊ घातलं होतं, तिला. सगळ्यांना लाज वाटली. खरी लाज वाटली, हे मी मान्य करतो. म्हणून पुढच्याच रविवारी मीटिंग बोलावली. काकांनी भाडेकरूंनाही बोलावलं, म्हणून मी होतो. आणि ठराव झाला. बिल्डिंगमधल्या कोणाच्याही घरी माणूस गेलं, तर हॉल लगेच उघडायचा. कोणाची परवानगी मागायला लावायची नाही.

त्या दिवशी एकाने विचारलं होतं, फक्त मालकांसाठी ना? काकांनी चष्मा काढला आणि म्हणाले, "गेलेल्या माणसाला विचारायचं काय, फ्लॅट तुझ्या नावावर हाय का म्हणून?" एकेक हात वर गेला. ज्याने विचारलं होतं त्यानेही शेवटी हात वर केला. अध्यक्ष साहेब, तेव्हा तुम्ही अध्यक्ष नव्हता. तुम्ही त्या खांबाजवळ बसला होता, निळा टी-शर्ट घातला होता. विचारलं होतं तुम्हीच, आणि हातही वर केला होता तुम्ही. मी बघितलंय.

मग कमिटी बदलली. बदलू दे, चांगलंच आहे. हॉलला टाइल्स लागल्या, एसी लागला. नवीन कमिटीने ठरवलं, सगळं कॉम्प्युटरवर आणायचं. जुनी रजिस्टरं बाहेर टायपिंगला दिली. छान फायली होऊन परत आल्या. जुनी रजिस्टरं कुठे गेली? विचारलं तर म्हणाले, जुन्या पेपरांबरोबर गेली असतील. अख्ख्या बिल्डिंगमध्ये एका माणसाने त्या फायली पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचल्या. तो माणूस कोण, हे सांगायला नको. आणि त्या माणसाला दिसलं की ही एक मीटिंग फायलीत नाहीच.

पान फाटलं, टाइप करणाऱ्याने गाळलं की कोणी मुद्दाम काढलं, मला माहीत नाही. काकांनाही माहीत नव्हतं. त्यांनी कोणावर बोट दाखवलं नाही, मीही दाखवत नाही. कागद आहे, हरवू शकतो. माझा राग हरवण्यावर नाही. हरवल्यानंतर आपण सगळे जे वागलो, त्यावर आहे.

काकांनी कमिटीला सांगितलं, हरवलंय तर हरवलंय म्हणूया. सगळ्यांना कळवूया. त्या दिवशी जे हजर होते त्यांना बसवूया, कोणाला काय आठवतं ते विचारूया, लिहूया, सगळ्यांसमोर वाचूया. आणि वर स्पष्ट लिहूया की मूळ मिनिट्स हरवले, हे आठवणीतून लिहिलेत. तारीख आजची घालूया. सांगा मंडळी, यात अवघड काय होतं? एका रविवारच्या सकाळचं काम होतं. चहा पिऊन घरी जायचं होतं.

कमिटीकडे याहून सोपा उपाय होता. अध्यक्ष साहेब काकांच्या घरी गेले. मामींनी कॉफी दिली. मीही तिथेच होतो, काकांचा टीव्ही लावून द्यायला गेलेलो. साहेब म्हणाले, सार, एवढं कशाला वाढवता? तुम्हीच पुन्हा लिहा, जुनीच तारीख टाका, सही करा, फायलीत लावून टाकू, विषय संपला. फक्त 'कोणाच्याही घरी' च्या जागी 'सभासदांच्या घरी' लिहा. काकांनी कॉफीचा पेला खाली ठेवला. मग म्हणाले, "जुनी तारीख मज घालता येणार नाही. त्या तारखेला मी हे लिहिलं नव्हतं." बस्स. आवाज चढवला नाही. साहेबांना लिफ्टपर्यंत सोडायला गेले. परत येऊन मला म्हणाले, बातम्या लाव.

मग त्यांनी स्वतः नोटीस लावली. लिफ्टजवळ, स्वतःच्या अक्षरात. मिनिट्स हरवले आहेत, जे हजर होते त्यांनी रविवारी हॉलमध्ये यावं, आठवेल ते सांगावं. रविवारी मी खाली आलो तर या माणसाने एकट्याने खुर्च्या मांडल्या होत्या. या वयात. रांगा सरळ. टेबलावर पेन, पेनाला टोपण. मामींनी फ्लास्कमध्ये कॉफी भरून दिली होती.

कोण आलं? मी आलो. तळमजल्यावरच्या लक्ष्मी अक्का आल्या. बस्स. बाकी खुर्च्या रिकाम्या. आणि तुम्ही कुठे होता? गावाला गेला होता? नाही. तुम्ही गॅलरीत होता. कपडे वाळत घालत होता. खाली बघत होता आणि आत जात होता. मी या दारात उभा राहून एकेकाला वर बघत होतो. कोणाला हॉलच्या टाइल्सची काळजी, कोणाला नवीन अध्यक्षांशी वाकडं नको, कोणाला वाटलं आपल्या घरी कुठे कोण मरतंय. काका बसून राहिले. अक्का म्हणाल्या, सार, चला आता. ते म्हणाले, थांबा, वेळ देऊया.

त्यांनी तुम्हाला वेळ दिला हो! त्या दिवशीही दिला.

मग कमिटीच्या मीटिंगमध्ये जाहीर झालं की असा काही ठराव रेकॉर्डवर नाही, आणि रावसारांच्या वयाचा विचार करता त्यांच्या आठवणीवर निर्णय घेता येणार नाही. हे मात्र मिनिट्समध्ये आहे. हे पान हरवलं नाही.

आता माझं सांगतो. मला हे सांगायचं नव्हतं.

माझे बाबा मला भेटायला आले होते. सातारला एसटीच्या डेपोत मेकॅनिक होते. इथे भाषा येत नाही म्हणून आधी कंटाळले, आणि मग त्यांना रावकाका सापडले. रोज संध्याकाळी दोघं खालच्या बाकावर. काका म्हणायचे 'मज', बाबा हसायचे. बाबांचं रांगडं मराठी ऐकून काका हसायचे. एकमेकांचं निम्मंच समजायचं, पण बाकावरून उठायचे नाहीत. एका सकाळी बाबांच्या छातीत दुखलं. दवाखान्यात नेलं, पण उपयोग झाला नाही.

आई सातारला होती, भाऊ तिला घेऊन निघाला. ती पोचेपर्यंत बाबांना ठेवायचं कुठे? फ्रीझर बॉक्स लिफ्टमध्ये मावत नाही आणि आमच्या जिन्याच्या वळणावर फिरत नाही. चौघांनी प्रयत्न केला, नाही फिरला. गाडी गेटवर उभी, ड्रायव्हर घाई करतोय, आत माझे बाबा. हॉल रिकामा होता. आदल्या दिवशीच्या वाढदिवसाचे फुगे अजून भिंतीला होते. मी अध्यक्ष साहेबांना हात जोडले. हो, जोडले. साहेब म्हणाले, निखिल, सॉरी, पण टेनंटसाठी हॉल द्यायचा तसा ठराव नाहीये. असला तर मला मिनिट्स दाखव.

मिनिट्स दाखव! मंडळी, मी माझ्या बापाच्या गाडीजवळ उभा होतो आणि माझ्याकडे मिनिट्स मागितले.

तेवढ्यात काका आले. कमरेला वेष्टी, अंगात बनियन, खांद्यावर टॉवेल, अंघोळ अर्धी टाकून आले असावेत. त्यांनी वाद घातला नाही. ठरावाचं नावही काढलं नाही. एवढंच म्हणाले, "माझं दार तर माझंच आहे ना? त्याला कोणाचं रेकॉर्ड लागतं?" आणि ड्रायव्हरला तमिळमध्ये म्हणाले, आत आण. सोफा बाहेर काढला. टीपॉय बाहेर काढला. माझे बाबा त्यांच्या समोरच्या खोलीत राहिले, आई येईपर्यंत.

आणि मामींनी काय केलं माहीत आहे? सकाळीच दारात कोलम काढला होता, इथली तांदळाच्या पिठाची रांगोळी. इथे ज्या घरात माणूस गेलंय त्या घराच्या दारात कोलम नसतो, तुम्हाला सगळ्यांना माहीत आहे. मामी ओलं फडकं घेऊन आल्या, खाली बसल्या आणि स्वतःच्या हाताने कोलम पुसला. मी म्हणालो, मामी, हे कशाला, हे तुमचं घर नाही का. त्या म्हणाल्या, "आमच्याच घरचं माणूस गेलं रे." साताऱ्याच्या एका मेकॅनिकसाठी तंजावरच्या बाईने आपल्या दाराला सुतक घेतलं. आणि दहा पावलांवर हा हॉल फुगे लावून बंद होता.

त्यानंतर कोणी माझ्याशी डोळ्याला डोळा भिडवला नाही. ते मी सहन केलं. पण एक गोष्ट मला सहन होत नाही, आणि ती सांगण्यासाठीच मी उभा राहिलोय.

शेवटच्या आजारात मी रोज काकांकडे बसायचो. एक दिवस त्यांनी माझा हात धरला. म्हणाले, "तंबी, खरं सांग. तो ठराव झाला होता ना? मज तर स्पष्ट आठवतं. पण एवढे लोक नाही म्हणतात. मीच मनानं रचलं काय?"

ऐकलंत? ज्या माणसाला प्रत्येक मीटिंगमध्ये कोण कुठे बसलं होतं ते सांगता यायचं, तो मला विचारत होता की मी रचलं काय. हे तुम्ही केलंत. एक कागद हरवला म्हणून असोसिएशनचं काही बिघडत नव्हतं. तुम्ही त्या कागदाच्या बदल्यात एका धडधाकट माणसाचा स्वतःवरचा विश्वास घेतलात. तुम्ही खोटं बोलला नाहीत, मला माहीत आहे. तुम्ही फक्त गप्प बसलात. मी म्हणालो, काका, झाला होता, मी होतो तिथे. ते म्हणाले, तू माझ्या बाजूने बोलणारच. आणि भिंतीकडे तोंड केलं.

परवा काका गेले. आणि काय चमत्कार! हॉल उघडला. लगेच उघडला. कोणी मिनिट्स मागितले नाहीत. एसी लावला, हार आणले, फोटो मोठा करून आणला. मामींनी हॉल मागितलासुद्धा नव्हता. म्हणजे ठराव होता तर! आठवत होता तर! ज्या क्षणी तुम्ही हे दार उघडलंत, त्या क्षणी तुम्ही कबूल केलंत की म्हातारा विसरला नव्हता.

मग ते तोंडाने कबूल करा. आज, इथे, त्यांच्या फोटोसमोर.

अध्यक्ष साहेब, उठू नका. बसा. माझं संपत आलंय. हॉल तुमचा नाही आणि माझाही नाही, पण आजची ही वेळ रावकाकांची आहे.

माझ्या हातात कागद नाही. मी आठवणीतून सांगतो, आणि लक्ष्मी अक्का हेच लगेच तमिळमध्ये सांगतील. त्यांनी होकार दिलाय. ऐका.

मूळ मिनिट्स हरवले आहेत. हे हजर असलेल्यांच्या आठवणीतून सांगितलं जात आहे. तारीख आजची. जानकी पाट्टींच्या निधनानंतरच्या रविवारी या हॉलमध्ये सभा झाली. मालक आणि भाडेकरू दोन्ही हजर होते. ठरलं ते असं. या बिल्डिंगमधल्या कोणाच्याही घरी माणूस गेलं, तर हॉल लगेच उघडायचा. परवानगी मागायला लावायची नाही. सेक्रेटरी रावसार यांनी हा ठराव वाचून दाखवला, हरकत विचारली, आणि कोणाचीही हरकत आली नाही.

अक्का, सांगा.

झालं? सगळ्यांना समजलं?

आता आपण उभे राहूया. शोकसभेत शेवटी दोन मिनिटं शांत उभं राहतात. तीच शांतता मी तुमच्याकडे मागतोय, पण ती नेहमीची नाही. डोळे मिटू नका. मान खाली घालू नका. फोटोकडे बघा. तुम्ही त्यांना कितीदा गप्प बसलेलं बघितलंय, तसं आज त्यांच्यासमोर उभे राहा. ज्याला वाटत असेल की हे खोटं आहे, म्हातारा विसरला होता, त्याने या शांततेत बोलावं. मी घड्याळ बघणार नाही. धीर गोळा करायला लागेल तेवढा वेळ घ्या. पण एकदा ही शांतता संपली की मग जिन्यात नाही, लिफ्टमध्ये नाही, ग्रुपवर नाही. मग मी मामींच्या समोर लिहिणार, मंजूर.

काका, खुर्च्या भरल्या आहेत. आज सगळे आलेत. तुमच्या वतीने मी विचारतो.

कोणाची हरकत?